टॉपिंग मोजू नका, भट्टी बघा: मॉड, ब्लेझ की पायॉलॉजी?

पुण्याहून एका ताईंनी विचारलं आहे: सासूसासऱ्यांना घेऊन अमेरिकेला निघालो आहोत, आधी सिएटलला मुलाकडे, मग लॉस एंजेलिसला भाच्याकडे. मुलगा म्हणतो मॉडला जाऊ, भाचा ब्लेझचं नाव घेतो, त्याची बायको पायॉलॉजीचं. तिन्हीकडे म्हणे काउंटरपाशी उभं राहून आपला पिझ्झा आपण सांगून करून घ्यायचा आणि एकाच किमतीत हवी तेवढी टॉपिंग. मग जास्त परवडेल कुठे? आणि सासूसासरे कडक शाकाहारी आहेत, त्यांनी तिथं निर्धास्त खावं का? शिवाय ती टिपची भानगड काय असते?

मी कॅलिफोर्नियात पिझ्झाच्याच धंद्यात आहे. आधी भट्टीसमोर उभी असायचे, आता लोकांना दुकानं लावून देते, त्यांची माणसं शिकवते. ताई, परवडेल कुठे याचं उत्तर आधी देऊन टाकते: जिथे तुम्ही कमी घालून घ्याल तिथे. पैसे तेवढेच द्यायचे आणि वर कमी घ्यायचं, हे आपल्या हिशेबी मनाला पटत नाही हे मला ठाऊक आहे. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी कितीतरी देशी कुटुंबं पाहिली आहेत. बाबा आधी विचारतात, "अनलिमिटेड म्हणजे खरंच अनलिमिटेड?" हो म्हटलं की मग कांदा, सिमला मिरची, मशरूम, पालक, टोमॅटो, ब्रोकोली, मका, ऑलिव्ह, अननस, हालापिन्यो, सगळं. तीन मिनिटांनी जे बाहेर येतं त्याचा तुकडा उचलला की टोक खाली लोंबतं आणि भाज्या घसरून ताटलीत पडतात. मग "इथल्यापेक्षा आपल्याकडचा बरा" असा निकाल लागतो. त्यात दुकानाचा दोष फारसा नसतो.

असं का होतं ते कळलं की तिन्ही दुकानांची तुलना आपोआप होते, म्हणून जरा आतून सांगते.

हा सगळा प्रकार सुरू झाला २००८ मध्ये. सिएटलला स्कॉट आणि अ‍ॅली स्वेनसन या जोडप्याने मॉडचं पहिलं दुकान काढलं ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून मंदी आल्यावर दोनच महिन्यांनी. लोकांच्या खिशात पैसे नव्हते, त्यामुळे एकच किंमत, वर काहीही घ्या, ही कल्पना बरोबर लागू पडली. हे दोघं कॉफीच्या धंद्यात मुरलेले होते. इंग्लंडमध्ये त्यांनी उभी केलेली कॉफीची साखळी १९९८ मध्ये स्टारबक्सने विकत घेतली होती. त्याच २००८ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात युअर पाय नावाचं असंच दुकान निघालं. पहिलं कोण, यावर दोन्हीकडचे लोक अजून वाद घालतात. पायॉलॉजी २०११ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या फुलर्टनला सुरू झालं. त्याचा संस्थापक कार्ल चँग म्हणजे १९८९ ची फ्रेंच ओपन जिंकणाऱ्या मायकेल चँगचा थोरला भाऊ. ब्लेझचं पहिलं दुकान ऑगस्ट २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच अर्वाइनला उघडलं. त्यामागचे रिक आणि एलिस वेट्झेल. यातल्या रिक यांनी भागीदारीत सुरू केलेली प्रेट्झेलची साखळी इथल्या मॉलमॉलमध्ये आहे. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने सुरुवातीलाच ब्लेझमध्ये पैसे घातले, आणि इथल्या तरुण पोरांना ब्लेझ माहीत झालं ते बरंचसं त्याच्यामुळे.

सगळ्यांनी पद्धत उचलली ती चिपोटले या मेक्सिकन खाण्याच्या साखळीची: काचेमागे डबे मांडलेले, गिऱ्हाईक रांगेत पुढे सरकतंय, आपण सांगायचं आणि आतल्या माणसाने घालायचं. गंमत म्हणजे खुद्द चिपोटलेने पिझ्झेरिया लोकाले या नावाने पिझ्झा करून पाहिला आणि २०२३ मध्ये तो गाशा गुंडाळला.

तुम्ही लॉस एंजेलिसला येताय म्हणून एक सांगते. पिझ्झावर काहीही चालतं हा इथल्या लोकांचा स्वभाव या दुकानांनी घडवलेला नाही. वोल्फगांग पक या नामवंत शेफने १९८२ मध्ये वेस्ट हॉलिवुडला स्पागो हे हॉटेल काढलं तेव्हा तिथे एड लाडू नावाचा पिझ्झावाला होता. त्याने पिझ्झावर जे प्रयोग केले त्यातूनच पुढे १९८५ मध्ये बेव्हर्ली हिल्सला कॅलिफोर्निया पिझ्झा किचन निघालं. त्यांचा पहिला मेनूही लाडूनेच बांधून दिला. बार्बेक्यू चिकनचा पिझ्झा तिथला. फरक एवढाच की तिकडे काय कशासोबत जाईल ते स्वयंपाकी ठरवत होता. इथे ते काम त्याने तुमच्यावर टाकलं आहे, आणि ते करायला तुम्हाला रांगेत मिळतो जेमतेम एक मिनिट.

आता पीठ. पिझ्झाची अर्धी चव पिठात असते, पण काचेमागे नजर डब्यांवर खिळलेली असल्यामुळे गोळ्याकडे कुणी बघत नाही. ब्लेझ आपलं पीठ दुकानातच मळतं आणि २४ तासांच्या वर आंबवतं. हे मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं. थंडाव्यात सावकाश आंबलेल्या पिठाला किंचित आंबूस, गव्हासारखी चव येते, रंग चांगला धरतो आणि कडेला बारीक फोड उठतात. मॉडचा तळ पातळ, एकसारखा, कुरकुरीकडे झुकणारा. पायॉलॉजीचा त्याहून बिस्किटासारखा. गरम असताना छान कडकड वाजतो, पण पाच-सात मिनिटांत चिवट व्हायला लागतो. तिघांकडे जाड पिठाचा पर्यायही असतो. ब्लेझचा हाय-राइज, मॉडचा मेगा, पायॉलॉजीचा पायराइज. सासूसासऱ्यांना दात-हिरड्यांचा त्रास असेल तर जाडच घ्या, पातळ तळाची करपलेली कड चावताना त्यांची तारांबळ होते.

बहुतेक ठिकाणी गोळा हाताने पसरत नाहीत, गरम दाबयंत्राखाली दाबतात. काही सेकंदांत अकरा इंचांची चकती तयार. वेग मिळतो, पण आंबवण्यात जमलेली हवा त्या दाबाने निघून जाते आणि कड फुगत नाही. नेपल्समध्ये, जिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला, तिथे हेच काम बोटांनी मधून कडेकडे हवा ढकलत करतात. तेव्हा या दुकानांत फुगलेल्या, ठिपकेदार, मऊ कडेची अपेक्षा धरून जाऊच नका. हा वेगळा पदार्थ आहे, आणि चांगला केलेला असला तर झकास लागतो.

भट्टी हा माझा आवडता विषय. मॉडची भट्टी ८०० अंश फॅरनहाइटवर चालते, म्हणजे साधारण ४२५ अंश सेल्सियस. ब्लेझ १८० सेकंदांत पिझ्झा काढतो. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंद लागतात, डॉमिनोजसारख्या ठिकाणी सरकत्या पट्ट्याच्या ओव्हनमधून जायला पाच-सहा मिनिटं. ही मंडळी मधली. खाली दगडी फरशी, बाजूला गॅसची ज्योत. तळ भाजतो तो फरशीतल्या साठलेल्या उष्णतेने, वरचं चीज ज्योतीने आणि घुमटातून येणाऱ्या धगीने.

आणि इथेच दुकानादुकानात फरक पडतो, अगदी एकाच साखळीच्या दोन दुकानांतही. गार पिझ्झा फरशीवर ठेवला की तेवढी जागा निवते. तव्यावरून भाकरी काढल्या काढल्या तिथेच दुसरी टाकली, तिसरी टाकली, तर तिसरी कशी पांढुरकी राहते, तसंच. चांगला भट्टीवाला प्रत्येक पिझ्झा नव्या जागी ठेवतो, जुनी जागा तापू देतो, मधे एकदा फळीने फिरवतो, शेवटी ज्योतीजवळ उचलून धरतो. नवशिका पोरगा गर्दीत एकाच सोयीच्या जागी एकामागून एक लोटत राहतो. दुपारी साडेबारा ते दीड या वेळात तळ फिका आलेला पिझ्झा मिळाला तर कारण बहुधा हेच. म्हणून रांगेत असताना डब्यांकडे न बघता भट्टीकडे बघा. बाहेर येणाऱ्या पिझ्झांच्या तळावर तपकिरी डाग असतील, माणूस ते फिरवत असेल, तर दुकान चांगलं. पाटी कुणाचीही असो.

आता त्या दहा भाज्यांचं काय होतं ते. मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं. टोमॅटोत त्याहून जास्त, पालकात ९१-९२, कांद्यात नव्वदीच्या आसपास, अननसात ८५ च्या वर. मोझरेलात अर्धं पाणी असतं; इथल्या सरकारी नियमाने पिझ्झावर घालायच्या कमी ओलाव्याच्या मोझरेलात ४५ ते ५२ टक्के पाणी चालतं. हे सगळं पाणी तीन मिनिटांत उडायला हवं. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर चढत नाही, आणि चीज किंवा पीठ खरपूस व्हायला त्याहून पुष्कळ जास्त लागतं. म्हणजे भाज्यांचा ढीग घातला की वरच्या थरात भाजणं होतच नाही, उकडणं होतं. मशरूमच्या कापांभोवती करड्या पाण्याचं तळं साठतं, ते सॉसमध्ये मिसळतं, सॉस पातळ होऊन मध्यभागी जमा होतो आणि पिठाचा मधला भाग कच्चट, चिकट राहतो. कड मात्र करपलेली. मधे गिच्च आणि कडेला काळं, असा पिझ्झा दिसला की समजायचं, कुणीतरी पैसे वसूल करायला गेलं होतं.

दुकानाला हे माहीत असतं. आतल्या माणसाला चिमटीचं माप शिकवलेलं असतं, मशरूम तीन बोटांत मावतील एवढे, कांदा त्याहून कमी, आणि टॉपिंगची संख्या वाढली की प्रत्येकाची चिमूट लहान करायची. तुम्ही दहा मागितली म्हणून दहापट मिळत नाहीत. एक किंमत ठेवणं दुकानाला परवडतं ते याच कारणाने. भाज्यांचा खर्च फुटकळ असतो, महाग असतं चीज, आणि सगळ्यात महाग माणसाचा वेळ. गल्ल्यावर बसलेल्याला प्रत्येक टॉपिंगचे पैसे जोडत बसावे लागत नाहीत, रांग झपाझप सरकते, आणि दुपारच्या गर्दीच्या तासाभरात रांग किती सरकली यावर दिवसाचा धंदा ठरतो. फुकट टॉपिंग हा दानधर्म नाही, रांग पळवण्याची युक्ती आहे.

मग मागवायचं कसं? मी स्वतः घेते ते सांगते. लाल सॉस कमी घालायला सांगायचा, मोझरेला नेहमीएवढं, भट्टीत जाणारी टॉपिंग दोन, फार तर तीन, आणि त्यात पाणीदार भाजी एकच. कच्च्यापेक्षा आधीच भाजलेली भाजी घ्यायची: भाजलेला लसूण, भाजलेली लाल मिरची, भाजलेली ब्रोकोली, भाजलेला मका. यांतलं पाणी आधीच गेलेलं असतं. या बाबतीत मॉडचा काउंटर मला उजवा वाटतो, भाजलेल्या भाज्या तिथे चांगल्या मिळतात, शिवाय अमेरिकेच्या वायव्येकडच्या त्या गोडसर-तिखट मुरवलेल्या मिरच्याही. आपल्या जिभेला फार जुळतात त्या. पालक हवाच असेल तर चीजच्या खाली घालायला सांगा. वर घातला की त्याचा कागद होतो.

आणि फुकट असलेल्याचा खरा फायदा घ्यायचा तो पिझ्झा भट्टीतून बाहेर आल्यावर. अरुगुला या तिखटसर पालेभाजीची पानं, पेस्टो म्हणजे तुळशीची इटालियन चटणी, बाल्सॅमिक व्हिनेगरचा घट्ट पाक, तिखट मध, ताजी इटालियन तुळस (बेझिल) मिळाली तर ती. हे सगळं कापताना वरून घालतात, त्याला भट्टीची उष्णता लागत नाही, तळ ओला होत नाही. अरुगुला ढीगभर घ्या, कोणी नाही म्हणणार नाही. भाजी पोटात जावी असा आजीबाईंचा आग्रह असेल तर तोही असा पुरा होतो.

आणखी एक. पिझ्झा भट्टीकडे सरकताना "वेल डन, प्लीज" म्हणा. अर्धं-पाऊण मिनिट जास्त ठेवतात, आणि एवढ्याने तळात पडणारा फरक बघून तुम्हाला नवल वाटेल. घाईत दुकानं पिझ्झा जरा लवकरच काढतात. फिक्या पिझ्झाची तक्रार कमी येते, करपलेल्याची लगेच येते.

सासूसासऱ्यांचं आता नीट सांगते, कारण इथे मी कुणालाच आंधळेपणाने निर्धास्त राहा म्हणणार नाही. साधं पीठ म्हणजे मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, तेल, कधी साखर; त्यात अंडं नसतं. ग्लूटेनविरहित तळात मात्र अंडं असू शकतं, फ्लॉवरच्या तळात बऱ्याचदा अंडं आणि चीज दोन्ही असतात. लोक आरोग्याला बरं म्हणून आजोबांना फ्लॉवरचा तळ घेऊन देतात आणि नकळत अंडं खायला घालतात. घटकांची यादी मागा, साखळी दुकानांकडे ती असते.

चीजमध्ये अडचण मोझरेलाची नाही. अमेरिकेत ते बहुतेक सूक्ष्मजीवांपासून केलेल्या किंवा प्रयोगशाळेत आंबवून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने, विरजतात. अडचण पार्मेजानची. इटलीतलं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच करावं लागतं, तसा त्यांचा कायदाच आहे. पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजलाही सहसा प्राण्यांचंच रेनेट असतं. इथल्या दुकानात वरून भुरभुरलेलं अमेरिकन पार्मेजान कशाने विरजलंय ते मालागणिक बदलतं. पेस्टोत ते असतं, पांढऱ्या सॉसमध्येही असू शकतं. सासूसासरे रेनेट पाळत असतील तर पार्मेजान आणि पेस्टो दोन्ही टाळा, मोझरेलाबद्दल तेवढं विचारून घ्या. सोबत सॅलड घेणार असाल तर सीझर ड्रेसिंगमध्ये मासा असतो, अँकोव्ही, हे ध्यानात असू द्या.

उरला स्पर्शाचा प्रश्न. डबे एकाला लागून एक असतात, सॉसेजचे कण शेजारच्या ऑलिव्हमध्ये पडतात. "प्लीज चेंज ग्लव्ज, वी आर व्हेजिटेरियन" असं रांगेच्या अगदी सुरुवातीला म्हणा, गोळा घेतल्या घेतल्या. हातमोजे बदलतात, नवा डबा उघडून देतात, कुणी तोंड वाकडं करत नाही. शिकवतानाच आम्ही हे शिकवतो. कापायचं चाक वेगळं घ्या म्हणून पुन्हा भट्टीपाशी सांगावं लागतं, कारण तिथला माणूस वेगळा असतो आणि पहिल्याने ऐकलेलं त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं. फळी आणि भट्टीची फरशी मात्र सगळ्यांना एकच. तेवढ्या उष्णतेत काही उरत नाही असं मानणारे मानतात, न मानणारे नाही. हा निर्णय सासूबाईंचा, आपण फक्त खरं काय ते सांगायचं. म्हणूनच अशा वेळी अ‍ॅपवरून ऑर्डर देऊ नका. अ‍ॅपवर "शाकाहारी" असा शेरा लिहिता येतो, पण हातमोजे बदलले की नाही ते आपल्याला दिसत नाही.

कांदा-लसूण न खाणारं कुणी सोबत असेल तर लाल सॉस सोडा, त्यात लसूण गृहीतच धरा. तळाला ऑलिव्हचं तेल, मोझरेला, टोमॅटोचे चार काप, बाहेर आल्यावर तुळस. फार चांगला लागतो. खरं तर या दुकानांतला मला सगळ्यात आवडणारा पिझ्झा हाच, आणि तो मागवणारे बहुतेक जैन असतात.

आता आकाराचं गणित, कारण "परवडणं" खरं इथे आहे. या दुकानांचा नेहमीचा पिझ्झा अकरा इंचांचा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस इंच. कोपऱ्यावरच्या साध्या पिझ्झावाल्याकडे १६ इंचांचा मिळतो, तो २०० चौरस इंचांचा. अकराचे दोन मिळूनही त्याच्याएवढे होत नाहीत. अठरा इंचांचा २५० च्या वर जातो. चौघांना सगळ्यांना तेच खायचं असेल तर रांगेच्या दुकानात जाणं महागातच पडतं. मॉड सुरू झालं तेव्हा पिझ्झा सात डॉलरच्या आत होता, आता बहुतेक शहरांत दहाच्या वर गेला आहे. ही दुकानं परवडतात ती घरात चार तोंडं चार दिशांना असतात तेव्हा. सासूबाईंना पार्मेजानविना, मुलाला पेपरोनी, तुम्हाला तिखट, भाच्याच्या पोराला नुसतं चीज. पोरासाठी मॉडचा छोटा सहा इंची मिळतो, पण तो मोठ्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान असतो. किंमत बघून ठरवा, भूक असलेल्या मुलाला मोठ्यातला अर्धा देणं स्वस्त पडतं. अर्धा-अर्धा वेगळा करून मागायलाही हरकत नसते, फक्त शाकाहारी आणि मांसाहारी असे अर्धे एका तळावर नकोत.

सासऱ्यांना साखर किंवा वजनाचं पथ्य असेल तर फलकावरचे कॅलरीचे आकडे वाचा. वीस किंवा जास्त दुकानं असलेल्या साखळ्यांना २०१८ पासून ते लावणं बंधनकारक आहे. पण आपणच बांधलेल्या पिझ्झाला एकच आकडा देता येत नाही, म्हणून "इतक्यापासून तितक्यापर्यंत" असं लिहितात. तो आकडा अख्ख्याचा आहे की एका तुकड्याचा, तेही बघा.

मग जायचं कुठे? सिएटलला मॉडला जा, ते त्यांचं माहेर आहे, आणि भाजलेल्या भाज्यांमुळे शाकाहारी माणसाला निवड बरी मिळते. लॉस एंजेलिसला ब्लेझ. पीठ माझ्या मते तिघांत त्यांचं सरस, आणि ते कळायला एक पिझ्झा निव्वळ चीज-तुळशीचा घ्या. पायॉलॉजी मला तिसऱ्या क्रमांकाचं वाटतं, पण भाचेसुनेला पापडासारखा पातळ तळ आवडत असेल तर तिच्या दृष्टीने ती बरोबर आहे. तिचा हट्ट मोडू नका, तिथे लगेच टेबलावर बसून खा, घरी नेऊ नका. आणि एखाद्या संध्याकाळी भाच्याला म्हणा, नॅन्सी सिल्व्हर्टन या नामवंत शेफच्या पिझ्झेरिया मोझ्झाला घेऊन चल. २००६ पासून आहे, जागा आधी राखून ठेवावी लागते. तिथे पिझ्झा मनाप्रमाणे बांधायचा नसतो, त्यांनी ठरवलेला खायचा असतो. दोन्ही खाल्ल्यावर मी पिठाबद्दल एवढं का बोलले ते जिभेलाच कळेल.

निघण्यापूर्वी दुकान चालू आहे का ते नकाशावर बघून घ्या. या धंद्याची गेली काही वर्षं बरी नाहीत. मॉडने बरीच दुकानं बंद केली आणि २०२४ मध्ये कंपनीच दुसऱ्या हॉटेल समूहाला विकली गेली. ब्लेझने मुख्य कार्यालय कॅलिफोर्नियातून अटलांटाला हलवलं. माझं निदान असं की पातळ, तीन मिनिटांत भाजलेला पिझ्झा हा तिथंच बसून खायचा पदार्थ आहे. कोविडनंतर लोक घरी मागवायला लागले, आणि खोक्यात कोंडलेल्या वाफेने दहा मिनिटांत त्याचं कातडं होतं. जाड पिझ्झावाले त्या खेळात टिकले, हे मागे पडले. त्यात मजुरी वाढली, चीज वाढलं.

घरी न्यावाच लागला तर खोक्याचं झाकण थोडं उघडं ठेवून न्या, वाफ निघू द्या. सकाळी उरलेला तुकडा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. मंद आचेवर कोरड्या पॅनमध्ये ठेवा, तळ कडक झाला की कडेला पाण्याचे दोन थेंब आणि वर झाकण, अर्ध्या मिनिटात चीज सैल होतं.

शेवटी टिप. पैसे देताना यंत्राचा पडदा तुमच्याकडे वळवतात, त्यावर १८, २०, २५ टक्के असे चौकोन असतात. काउंटरवरून आपणच ताटली उचलून नेतो, तिथे टिप सक्तीची नाही, "नो टिप" दाबलं तर कुणी काही म्हणत नाही. वेटर असलेल्या हॉटेलात मात्र द्यावीच लागते, मोझ्झाला द्या. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या दोन्ही राज्यांत टिप मिळते म्हणून मजुरी कापता येत नाही, आणि कॅलिफोर्नियात मोठ्या साखळ्यांच्या फास्टफूड कामगारांना एप्रिल २०२४ पासून तासाला किमान २० डॉलर मिळतात. तरी ज्या पोराने तुमच्यासाठी दोनदा हातमोजे बदलले, नवा डबा उघडला, चाक धुऊन आणलं, त्याच्यासमोरच्या बरणीत दोन डॉलर टाका.